कितवा माळा?



रविवारच्या पेपरात घरांची पुरवणी असते. गुळगुळीत कागद, निळं आकाश, टॉवरच्या बाल्कनीत हसणारं चौकोनी कुटुंब. त्यात एक सल्लागार बसवलेला असतो. भाड्याने फ्लॅट घेताना कुठला मजला निवडावा? सल्लागार सांगतो, वर गेलात तर वारा, खाली राहिलात तर भाजीवाला जवळ. वरून समुद्र दिसेल, खाली डास चावतील. शेजारच्या चौकटीत वास्तुवाला कुठल्या राशीला कुठला मजला मानवतो ते सांगतो. या लोकांनी धरूनच चाललेलं असतं की वाचणाऱ्यापुढे बिल्डिंगचे सगळे माळे ताटात वाढून ठेवलेत. पाहिजे तो उचल.

आपल्या पोराला कितवा माळा पाहिजे हे कुणी विचारत नाही. त्याला विचारतात, "पूर्ण नाव सांगा."

फोनवर तिसऱ्या माळ्यावरची रूम खाली असते. आडनाव सांगितलं की त्या टोकाला जरा वेळ आवाज बंद. मग ती रूम आत्ताच गेलेली असते. आहे ती तळमजल्याला, मागल्या अंगाला, मीटरपेटीच्या शेजारी. गोदीत आमच्या गँगमधल्या एका पोराला एजंटाने तीन बिल्डिंगींत हेच ऐकवलं. तीन बिल्डिंगी, तीन तळमजले, तिन्ही मागल्या अंगाला. चौथ्या ठिकाणी या पठ्ठ्याने नाव सांगायच्या आधीच विचारलं, "खालची मागची देणार ना?" एजंट चपापला. मग म्हणाला, "तुम्ही समजूतदार दिसता."

एजंट, घरमालक, सोसायटीचा सेक्रेटरी, या तिघांवर आपण पुष्कळ आगपाखड केली आहे आणि करत राहू. पण या वेळी खुद्द माळ्याबद्दल लिहायचंय. कारण एक गोष्ट सारखी दिसते. चार दारं बंद झाली आणि पाचवं उघडलं की आपला माणूस पुढे काही बघतच नाही. "घर मिळालं हेच खूप." डिपॉझिट उसनं आणतो, एजंटाला एक महिन्याचं भाडं देतो आणि मुकाट जाऊन राहतो. खिडकी कुठे उघडते, वारा येतो का, पाणी चढतं का, लिफ्ट चालू आहे का, एक शब्द विचारत नाही. विचारलं तर हेही हातचं जाईल. या भीतीचा फायदा घरमालकाला आणि तोटा आपल्या फुप्फुसाला. फुप्फुस हा शब्द मी कवितेसारखा वापरत नाहीये. ते पुढे येईल.

आधी माळ्याची जात बघू.

गाव आडवं असतं. आपली वस्ती गावाच्या बाहेर, गावावरून आलेलं वारं आणि गावाने वापरलेलं पाणी आपल्या वाट्याला. शहराने ते गाव उचलून उभं केलं. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि मजल्यांच्या मध्ये जिना नाही. भाषणात वापरून वापरून आपण ती उपमा झिजवली. पण ती लिहिणारा माणूस त्या वेळी खराखुरा जिना चढून घरी जात होता हे कुणी सांगत नाही. परळची बी.आय.टी. चाळ नंबर १, दुसरा माळा, खोली नंबर ५० आणि ५१. १९१२ पासून १९३४ पर्यंत हा पत्ता. एका खोलीत संसार, दुसरीत पुस्तकं. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही पत्ता हाच.

त्याच माणसाला १९१७ साली बडोद्यात भाड्याच्या माळ्याने काय दाखवलं तेही आपण शाळेत शिकलो नाही. अमेरिकेत शिकून आलेला, संस्थानची नोकरी, पण हॉटेलात उतरायची सोय नाही. शेवटी पारशी सराय. खाली राखणदार म्हातारा आणि त्याचं कुटुंब, वर पहिल्या माळ्यावर एक छोटी खोली, बाजूला न्हाणी, आणि उरलेला मोठा हॉल फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या यांनी भरलेला. सरायीत दुसरा पाहुणा नाही. नोंदवहीत पारशी नाव लिहावं लागलं तेव्हा कुठे जागा मिळाली. अख्खा माळा एकट्याला, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत खाली कर.

पारश्यांना एकटं धरायचं कारण नाही. हिंदू मित्राच्या घरीही त्या संध्याकाळी सोय झाली नाही. पण बरोबर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, २००५ साली, अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सोसायटीने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवलं तर ते कायद्यात बसतं. तो निकाल आज सगळ्या जातीच्या सोसायट्यांच्या खिशात आहे. काठ्या घेऊन जिना चढायची गरज राहिली नाही. उपविधीचं एक कलम पुरतं.

आता जातीचं सोडा आणि नुसत्या उंचीकडे बघा. वरचा माळा भारी आणि खालचा हलका, हे कुणी ठरवलं? लिफ्ट नव्हती तोवर पॅरिसमध्ये शेठ खालच्या माळ्यांवर राहायचे आणि छपराखालच्या खुराड्यात मोलकरणी. कारण जिना चढायला कष्ट पडतात आणि कष्ट नोकराने करायचे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ओटिस नावाच्या माणसाने दोरी तोडली तरी न पडणारी लिफ्ट दाखवली. पुढे ती घराघरांत आली, शेठ वर गेले, मोलकरीण खाली आली. वारा तोच, ऊन तेच, विटा त्याच. किंमत तेवढी उलटी झाली. आज मुंबईत बिल्डर दर माळ्यामागे स्क्वेअर फुटाला जादा पैसे लावतो, त्याला 'फ्लोअर राइज' म्हणतात. म्हणजे हवेला मीटर बसवलाय. वास्तुवाल्याने याचाही ग्रह शोधून ठेवला असेल.

मुंबईतल्या आपल्या पिढ्या तळ अधिक तीन माळ्यांत गेल्या. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळी : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. माळ्यावर वीस खोल्या, खोली १६० स्क्वेअर फूट, संडास सामायिक. तिथे तळमजल्याचा माणूस आणि तिसऱ्या माळ्याचा माणूस यांच्यात फरक होता तो पाण्याच्या हंड्याचा आणि गच्चीच्या अंतराचा. आणि आणखी एक. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली, आणि १० तारखेच्या मोर्चावर परळला इमारतीवरून दगडी पाटा टाकला गेला. खाली भागवत जाधव होते. उंची म्हणजे काय ते आपल्या माणसाला रस्त्यावर उभं राहून समजलेलं आहे. सल्लागाराच्या यादीत हा मुद्दा नसतो.

पण आजची आपली पोरं चाळीत कमी आणि कॉलनीत जास्त आहेत. आणि माळ्याचा खरा हिशेब तिथेच लागतो.

मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड घ्या. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड घ्या. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी रुळाकाठची, नाल्याकाठची माणसं उचलून इथे आणली. २२५ स्क्वेअर फुटांची घरं, सात माळ्यांच्या बिल्डिंगी, आणि दोन बिल्डिंगींच्या मधे अंतर जेमतेम तीन मीटर. तीन मीटर म्हणजे किती? समोरच्या खिडकीतला माणूस भाकरी कुठल्या पिठाची खातो ते दिसतं. त्या तीन मीटरच्या फटीत सात माळ्यांचा कचरा वरून पडतो. म्हणून खालचे लोक खिडकी बंद ठेवतात. खिडकी बंद म्हणून वारा बंद. ऊन वरच्या दोन माळ्यांना शिवून परत जातं. पहिल्या माळ्यावर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट. दाराबाहेर मधोमध बोगद्यासारखा पॅसेज, दोन्ही बाजूला दारं. तिथेही उजेड नाही.

डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने या दोन वसाहतींची आणि मानखुर्दच्याच पीएमजीपी कॉलनीची पाहणी केली. घरोघर विचारलं, टीबी कुणाला झाला. जिथे बिल्डिंगी एकमेकींच्या उरावर बसल्यात तिथे टीबीची घरं जास्त. पीएमजीपीत बिल्डिंगी लांब लांब आहेत, तिथे कितीतरी कमी. आणि त्या दाट वसाहतींतही खालच्या माळ्यांवर जास्त, वरच्या माळ्यांवर कमी. म्हणजे एकाच बिल्डिंगीत, एकाच जातीच्या, एकाच भाकरीवर जगणाऱ्या माणसांत, आजार माळ्याप्रमाणे वाटला गेला.

यात जादू काही नाही. टीबीचा जंतू खोकल्यातून हवेत जातो आणि कोंडलेल्या हवेत तासनतास तरंगतो. वारा खेळता असला की विरळ होतो, ऊन लागलं की मरतो. जिथे वाराही नाही आणि ऊनही नाही तिथे आठ माणसांच्या घरात एक खोकला म्हणजे आठ माणसांचा प्रश्न. साधा टीबी असला तरी सहा महिने गोळ्या. ठेक्यावरच्या कामगाराला सहा महिने कोण ठेवतो? पहिल्या महिन्यात वजन जातं, दुसऱ्यात नाका जातो, तिसऱ्यात घरभाडं.

गोदीत एक नियम आहे. बोटीचं होल्ड बंद असलं की हवा खेळती केल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय माणूस खाली उतरवायचा नाही. कारण भंगार लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खातं, आणि बंद होल्डमध्ये उतरलेला माणूस शिडीच्या पायथ्याशीच पडलेला आहे. नियम मोडला जातो, माणसं मरतात, ते वेगळं. पण नियम आहे. भंगार ठेवायच्या जागेला हवा तपासायचा नियम आहे, आणि माणसं ठेवायच्या जागेला तीन मीटर पुरे असं सरकारी टेबलावर बसून कुणीतरी सही केली. ज्याने सही केली तो कितव्या माळ्यावर राहतो ते मला विचारायचंय.

मग सगळे वरच जाऊ या? तसंही नाही, गड्यांनो.

शेवटच्या माळ्यावर डोक्यावर उघडा स्लॅब. एप्रिल-मेमध्ये तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. पंखा गरम वारा मारतो. पावसात तोच स्लॅब गळतो आणि सोसायटी म्हणते गच्ची सगळ्यांची, खर्च तुझा. पाण्याची टाकी अगदी डोक्यावर असूनही सर्वांत बारीक धार तिथेच, कारण पाण्याला जोर येतो तो उंचीने, आणि टाकी आणि नळ यांच्यात उंचीच उरत नाही. आणि लिफ्ट. पुनर्वसनाच्या बिल्डिंगीतली लिफ्ट उद्घाटनाला चालते. मग मेंटेनन्स थकतो, मोटर जळते, दाराला दोरी बांधली जाते. सातव्या माळ्यावरच्या म्हातारीचं मग रस्त्यावर येणंच बंद होतं. पोट आलेली बाई सात माळे चढते. प्रेत जिन्यावरून उतरवताना वळणावर उभं करावं लागतं. ज्याने ते एकदा खांद्यावर घेतलंय त्याला 'सी व्ह्यू' सांगायला जाऊ नका.

आणि आग. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या एका सात मजली एसआरए बिल्डिंगीत आग लागली ती खाली पार्किंगमध्ये. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांनी पेट घेतला. किमान सात माणसं गेली, अनेक भाजली, गुदमरली. आग खाली आणि धूर वर. कारण जिना हा धुराला धुराड्यासारखा. अशा बिल्डिंगीत माळा बघताना जिना बघितला नाही तर काहीच बघितलं नाही. जिन्यात सायकली, गाठोडी, सिलिंडर, मोडका पलंग असेल तर तुमचा माळा कितवाही असो, बाहेर पडायची वाट एकच आणि ती अडलेली.

तळमजल्याबद्दल वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्याच्या माणसांनी रेशनकार्ड, दाखले, जातीचं सर्टिफिकेट, सगळं पाण्यात बघितलं. कागद गेला की आपला माणूस पुन्हा शून्यावर. एरवीही सगळ्या बिल्डिंगीची गटाराची लाइन तुंबली की ती वर जात नाही, तळमजल्याच्या मोरीतून बाहेर येते.

तर मग कितवा? माझं मत सरळ आहे. दाट कॉलनीत सात माळ्यांची बिल्डिंग असेल तर चौथा किंवा पाचवा. लिफ्ट मेली तरी पायाने चढता येतो, खालची कोंडलेली हवा तिथपर्यंत थोडी सुटते, डोक्यावर स्लॅब नाही. घरात गुडघ्याची आई असेल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर दुसरा, पण रस्त्याच्या बाजूचा, फटीच्या बाजूचा नाही. मोकळ्या जागेवरची चार माळ्यांची बिल्डिंग असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. तिथे पहिला माळाही चालेल. म्हणजे नुसता आकडा बघू नका, समोरचं अंतर बघा. समोरची भिंत जितकी जवळ तितकं वर जा.

बघायला जायचं ते दुपारी बाराला. एजंट संध्याकाळी नेतो, कारण संध्याकाळी सगळ्याच खोल्यांत दिवा असतो. बारा वाजता दिवा बंद करून पेपर वाचता येतो का बघा. अगरबत्ती पेटवा आणि धूर कुठे जातो ते बघा. तो जागच्या जागी उभा राहिला तर तुमचा खोकलाही तिथेच उभा राहणार. नळ सोडायची वेळ विचारा आणि त्या वेळेला परत या. शेजारणीला विचारा, एजंटाला नको.

कागदाचं एक. भाड्याचा करार लेखी करणं आणि रजिस्टर करणं ही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. केला नाही आणि भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करणं मालकाच्या अंगावर. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मात्र एसआरएच्या खोल्या काही वर्षं भाड्याने द्यायला मनाई असते आणि तरी सर्रास दिल्या जातात. तिथे मालक कागद करतच नाही. आपला पोरगा दोन वर्षं राहतो आणि कागदावर तिथे कुणीच राहत नसतो.

काही कॉम्रेड म्हणतील, हे काय घेऊन बसलात, वारा आणि नळ. जातीअंताची लढाई चालू असताना संपादकीयात माळ्याची चर्चा म्हणजे मध्यमवर्गी चोचले. मी या मित्रांना ओळखतो. त्यांतले बरेचसे हवेशीर खोलीत राहतात. लढाईला फुप्फुस लागतं की नाही? घोषणा कशाने द्यायची?

दुसरा आक्षेप खरा आहे, आणि तो मला गप्प करतो. ज्याला तळमजल्याचीच खोली देऊ करतात त्याने चौथा माळा आणायचा कुठून? चौथा पाहिजे म्हणणारा रस्त्यावर राहील. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच बघितलंय की जिथे यंत्राने वाटप होतं तिथे आडनाव आडवं येत नाही. वरळीच्या बी.डी.डी.त चाळी पाडून चाळीस माळ्यांचे टॉवर उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे स्क्वेअर फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. कुणाला कितवा माळा ते सोडतीने ठरलं. १६० फुटांत चार पिढ्या काढलेली म्हातारी वरच्या माळ्यावर गेली आणि तिला कुणी पूर्ण नाव विचारलं नाही. लिफ्टचा मेंटेनन्स पुढे कोण भरणार हा प्रश्न तिथेही आहेच. शिवडीच्या बारा चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, त्या या योजनेत आल्याच नाहीत. आणि एसआरएत त्याच प्लॉटवर विक्रीचा टॉवर वेगळा, पुनर्वसनाची बिल्डिंग वेगळी, गेट वेगळं, मधे भिंत. विक्रीच्या बाजूला बगिचा, आपल्या बाजूला ती फट. तरी सोडत ती सोडत. भाड्याच्या बाजारात तेवढीही नाही. तिथे सोडत एजंटाच्या तोंडात असते.

म्हणून पुढच्या अंकासाठी एक काम. टेप घ्या. शिंप्याची चालेल, सुताराची असली तर उत्तम. आपल्या बिल्डिंगीपासून समोरच्या बिल्डिंगीपर्यंत अंतर मोजा. कॉलनी कुठली, बिल्डिंगीला माळे किती, तुम्ही कितव्यावर, अंतर किती मीटर, दुपारी बाराला दिवा लागतो की नाही, लिफ्ट किती महिने बंद, आणि माळ्यावर टीबीची घरं किती, एवढं लिहून पाठवा. घरांची, माणसांची नावं घालू नका. एजंटाने काय सांगितलं तेही लिहा, त्याच्याच शब्दांत. मधली चार पानं त्यासाठी रिकामी ठेवली आहेत. कविता या वेळी थांबतील, माझीसुद्धा.